गंज खरवडताना

जुन्या रायफलीचा इतिहास वाचायचा तर आधी तिचा दस्ता उतरवावा लागतो. वरून दिसतो तो काळा रंग. तो बहुतेक वेळा शेवटच्या दुरुस्तीचा असतो, जन्माचा नसतो. लाकूड काढलं की खरं अंग दिसतं. लाकडाच्या कडेपर्यंत पोलाद गुळगुळीत. आणि कडेच्या खाली, जिथं तपासणीला आलेल्या साहेबाची नजर जात नाही तिथं, देवीच्या वणासारखे खड्डे. घाम, पावसाचं पाणी, लाकडानं धरून ठेवलेली ओल. वर्षानुवर्षं तिथंच मुरलेली.

मी बावीस वर्षं हत्यार-दुरुस्तीच्या बाकावर काढली. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथं आमच्या डब्याकडं बघून ज्यांनी नाकं मुरडली त्यांचीही नावं इथं येणार नाहीत. हा लेख त्यांच्यावर नाही. लोखंडावर आहे. चळवळीतली पोरं विचारतात, काका, आपल्या लोकांचा लष्करी इतिहास कुठं वाचायला मिळंल? मी पुस्तकांची नावं सांगतो. पण सोबत हेही सांगतो, की बाबांनो, आपल्या आज्या-पणज्यांनी रोजनिश्या लिहिल्या नाहीत. लिहू दिलं नाही कुणी. त्यांच्या हातात होतं ते लोखंड. तेव्हा लोखंडही वाचायला शिका.

एक नमुना घेऊ. .३०३ ची ली-एनफिल्ड, इशापूरची. कलकत्त्याच्या वर हुगळीकाठी १७८७ पासून कंपनीचा बारूदखाना होता, त्याच जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफलीचा कारखाना उभा राहिला. ह्या रायफलीचा मधला पोलादी भाग, ज्यात बोल्ट मागंपुढं सरकतो आणि काडतूस नळीत ढकललं जातं, त्याला इंग्रजीत ॲक्शन म्हणतात. आम्ही बाकावर नुसतं 'बॉडी' म्हणायचो. बॉडीच्या मागच्या टोकाला, दस्ता जिथं बसतो तिथं, उजव्या अंगाला शिक्के असतात. मुकुट. खाली राजाची तीन अक्षरं, जी, आर, आय. मग इशापूर. मग साल. माझ्यापुढं आली होती तिच्यावर १९१७ होतं. स्वातंत्र्यानंतरच्या मालावर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. कारखान्यात परत नेऊन संपूर्ण दुरुस्ती केली असली तर एफटीआर ही अक्षरं आणि त्या दुरुस्तीचं साल. नंबर वेगळा. तपासनिसांचे बारके शिक्के वेगळे. एका तळहाताएवढ्या जागेत तिचा जन्म, बारसं आणि आजारपण सगळं लिहिलेलं.

आणि दुरुस्तीला येते तेव्हा नेमकी ह्याच जागेवर गंज असतो.

आता काम कसं करायचं ते सांगतो. सगळ्यांना हत्यारं दुरुस्त करायची नाहीत हे मला कळतं, तरी ऐका.

पहिलं म्हणजे कानस हातात घ्यायची नाही. नवशिका पोरगा आधी कानस उचलतो. आमचे उस्ताद त्याच्या हातावर चापट मारायचे. म्हणायचे, "आधी सांग, माल गेलाय का सरकलाय?" ह्या एका प्रश्नात निम्मी विद्या आहे. पोचा पडला, कशाचा टोला बसला, तर तिथलं पोलाद कुठं गेलेलं नसतं. दबून बाजूला सरकलेलं असतं, कडेला उंचवटा होऊन बसलेलं असतं. तो उंचवटा कानशीनं उडवला की गेलेला नव्हता तो माल तू स्वतःच्या हातानं घालवला. तो गुळगुळीत टोकाच्या पंचानं, हलक्या हातोडीनं, कडेकडेनं परत आत ढकलायचा. वेळ लागतो. सगळा परत येत नाही. पण बराच येतो.

गंजाचा खड्डा मात्र वेगळा. तिथलं लोखंड खरंच गेलेलं असतं. गंज म्हणजे काय, लोखंडच, पण कामातून गेलेलं. .३०३ च्या जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार मागं राहतो, मिठाचाच भाऊबंद. हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलाद खातो. तो तेलानं जात नाही, पाण्यानंच विरघळतो. म्हणून गोळीबार झाला की नळीतून उकळतं पाणी ओतायची शिस्त होती, त्यासाठी खास नरसाळं असायचं. नुसतं तेल लावून चकचकीत ठेवलेली रायफल आतून कुजते. चवदार तळ्याच्या माणसांना पाण्याची किंमत मी काय सांगावी.

तर आधी जुना रंग आणि चिकटा उतरवायचा. मग चीर बघायची. आमच्याकडं चुंबकाची यंत्रं आली त्याआधी रॉकेल आणि खडू होता. बॉडी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, कोरडी पुसायची, वरून खडूचा पातळ हात द्यायचा. चिरीत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. रेघ उमटली तर पुढं काही करायचं नाही. बॉडी बाद. तिच्यावर कितीही सुंदर रंग चढवला तरी एक दिवस ती कुणाच्यातरी तोंडावर फुटणार.

चीर नसली तर खड्ड्यांचा विचार. वाटा तीन. एक, आजूबाजूचं सगळं खड्ड्याच्या तळाइतकं खाली आणायचं. कानस आडवी धरून ओढायची, दातांत कीस अडकू नये म्हणून तिला खडू चोळायचा. मग एमरी, पण बोटानं नाही. लाकडाच्या किंवा कानशीच्या सपाट पाठीवर गुंडाळून. प्रत्येक बारीक नंबराला दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले का ते दिसतं. बोटानं घासलं तर कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात. फिरत्या बफावर धरली तर विचारूच नका. पाच मिनिटांत आरशासारखी लखलखीत होते, आणि मुकुट, साल, नंबर सगळं धुक्यात गेल्यासारखं होतं.

दुसरी वाट, खड्डा भरायचा. कथलाचा डाग देऊन भरला तर काम झटपट. पण कथलावर पोलादाचा निळा-काळा रंग चढत नाही. रसायनातून बाहेर काढली की तो डाग पांढरा पडून ओरडतो, मी इथला नाही म्हणून. वेल्डिंगनं भरला तर पोलादात पोलाद मिसळतं, तरी रंगाची छटा जरा वेगळी पडते. आणि वेल्डिंगचा खरा धोका उष्णतेचा. बोल्टचे दोन कान बॉडीत जिथं टेकतात ती जागा मुद्दाम पाणी देऊन कडक केलेली असते. बार उडताना सगळा धक्का तीच घेते. तिच्याजवळ ज्योत गेली की दिलेलं पाणी उतरतं. वरून काही दिसत नाही. आत पोलाद मऊ पडलेलं असतं.

उष्णतेवरून अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. हात आणि डोळा ह्यांच्या गर्वावर ह्याच्याइतकं चांगलं औषध नाही. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात १९०३ च्या नमुन्याच्या रायफली व्हायच्या. पोलाद किती तापलं हे जुने कारागीर रंगावरून, नुसत्या डोळ्यानं ठरवायचे. १९१७ मध्ये काही बॉड्या फुटल्या म्हणून चौकशी झाली. मापनयंत्र लावलं तेव्हा कळलं, लख्ख उन्हाच्या दिवशी कारागिराला जे 'बरोबर' दिसतं ते ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेलं असायचं. उन्हात तापलेला गोळा फिका दिसतो ना! पोलाद जळून ठिसूळ होत होतं आणि रंगानं सगळं ठीक होतं. पुढं पद्धत बदलली. पण ८ लाखांच्या आतल्या नंबरांवर जाणकार माणूस आजही भरवसा ठेवत नाही.

तिसरी वाट, खड्डा ठेवायचा. त्यातला जिवंत लाल गंज मारायचा. पाण्यात उकळून तो काळा होतो, ब्रशानं झाडायचा. खड्डा राहतो, पण तो पुढं खात नाही.

कुठल्या खड्ड्याला कुठली वाट, हे ठरवणं म्हणजे कारागिरी. बाकी सगळी मजुरी.

गुळगुळीत करणं म्हणजे सुधारणं, हा समज मी मुद्दाम खोडतोय. कारण ह्याच गुळगुळीतपणाचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे, आणि तो कविकल्पनेतला नाही, कारखान्यातला आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळची एनफिल्ड, १८५३ च्या नमुन्याची, भोक .५७७ इंच. नळीच्या आत मळसूत्री आटे. त्या आट्यांमुळं गोळी स्वतःभोवती फिरते आणि लांबवर सरळ जाते. उठाव दडपल्यावर इंग्रजानं काय केलं? एतद्देशीय शिपायांसाठी त्याच बंदुकीचा नवा नमुना काढला. आटे नाहीत. भोक मोठं करून आत गुळगुळीत, .६५ च्या आसपास. लांबचा नेम धरायची मागची उचलती साइट जाऊन साधी खाच. बाहेरून बघा, तीच एनफिल्ड, तोच दस्ता, तेच पितळ. आत मात्र पन्नास वर्षं मागं नेलेली. गोऱ्या शिपायाच्या हातात आट्यांची, काळ्याच्या हातात बिनआट्यांची. पुढं स्नायडर आली, मार्टिनी-हेन्री आली, दरवेळी काळ्या पलटणींना ती एक पिढी उशिरा. १८७८ चा हत्यार-कायदा आला, त्यात परवान्याची अट हिंदी माणसाला, युरोपियनाला सूट.

मनूच्या व्यवस्थेनं हेच आधी केलं होतं. शूद्रातिशूद्राच्या हातात हत्यार नाही, म्हणून बंड नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये हा धागा उघड केला. गावच्या महाराच्या हातात काठी होती, राखणीची. गाव राखायचा, आणि गावात शिरायचं नाही. कंपनीच्या पलटणीत तोच माणूस बंदूक धरून उभा राहिला. इंग्रजाचं प्रेम म्हणून नव्हे, त्याला माणसं पाहिजे होती म्हणून. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि दोन्ही सांगायला पाहिजे.

मग गरज संपली. 'लढाऊ जाती'चं शास्त्र निघालं. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी बाबासाहेब जन्मले, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. नुसती नोकरी नाही गेली. पलटणीतल्या शाळा गेल्या. रामजी स्वतः लष्करी शाळेत शिकवत. शिपायांची पोरं, पोरीसुद्धा, अक्षर शिकत होती ती तिथं. गावात कोण शिकवणार होतं?

अर्ज सुरू झाले. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर. त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, असा दावा केला. मी त्यांना दोष देत नाही. दारात उभा असलेला साहेब 'तू कुठल्या वंशाचा' एवढंच विचारत होता, त्याला त्याच भाषेत उत्तर गेलं. खड्डा होता, तो हाताशी असलेल्या कथलानं भरला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांनी भारतमंत्र्याकडं अर्ज केला तेव्हा भाषा बदललेली दिसते. केलेली चाकरी आणि माणूस म्हणून हक्क. आणि बाबासाहेबांनी तर क्षत्रियपणाची ती वाट धरलीच नाही.

१९१७ ला महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ ला मोडली. चार वर्षं. परत दार उघडलं १९४१ ला, दुसऱ्या युद्धात. बाबासाहेब त्या वर्षी संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी जोर लावला. ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. १९४६ ला तिची मशीनगन रेजिमेंट झाली, बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगनी आडव्या आल्या. पुढं स्तंभ गेला आणि त्या जागी कट्यार आली. बिल्ल्याचीही एफटीआर होते म्हणायची.

माझ्यापुढच्या बॉडीवर १९१७ होतं. बाकावरचा एक पोरगा, आपलाच, चांगला शिकलेला, म्हणाला, "काका, ही १११ व्या पलटणीतली असंल. आपल्या पणज्यानं धरलेली!" डोळ्यांत पाणी त्याच्या. मी म्हटलं, "नाही रे बाळा. तसा शिक्का तिच्यावर नाही." "पण असू शकते ना?" "असू शकते. पण मी कोरणार नाही."

मी का कोरणार नाही ते सांगितलं पाहिजे. कारण हीच गोष्ट आपण कोरेगावच्या बाबतीत करतो. १ जानेवारी १८१८ ची लढाई. दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसं तिथं जातात, मीही जातो. बाबासाहेब १९२७ ला गेले होते. भाषणांत काय ऐकू येतं? पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापलं. आता स्तंभ काय सांगतो ते बघा. कोरलेली नावं ४९. त्यांतली २२ 'नाक'नं संपणारी. ती आपली. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायल आहे. कंपनीची फौज आठशेच्या आसपास, सगळी आपली नव्हे. पेशव्यांकडं अठ्ठावीस हजार होते, पण गावावर चालून आले ते त्यातले दोनेक हजार. दिवसभर पाण्यावाचून लढून ती तुकडी गावात टिकून राहिली आणि रात्री पेशव्यांचं सैन्य मागं सरलं.

एवढं पुरत नाही का आपल्याला? ज्या समाजाच्या माणसाचं नाव गावच्या कुठल्या दगडावर कोरणं सोडा, ज्याची सावली दगडावर पडू दिली नाही, त्याची २२ नावं दगडात आहेत. 'नाक'सकट. त्यांना पाचशेचं कथील कशाला पाहिजे? २०१८ च्या १ जानेवारीला तिथं दगड आले. त्यानंतर टीव्हीवर बसलेल्या शहाण्यांनी काय केलं? आपण भरलेला तोच कथलाचा डाग बोटानं उकरला आणि म्हणाले, बघा, सगळंच खोटं. २२ नावांवर एकालाही बोट ठेवता आलं नसतं. आपणच त्यांना जागा दिली. माझं हे बोलणं काहींना लागेल. लागू द्या.

दुसऱ्या बाजूचे बफ मारणारे आहेतच. त्यांना 'नाक' दिसत नाही, त्यांना नुसते 'कंपनीचे शिपाई' दिसतात, किंवा नुसते 'देशद्रोही'. लखलखीत सपाट इतिहास, एकही खाच नाही.

एक गंमत बघा. १९५९ च्या हत्यार-कायद्याच्या ८ व्या कलमानं बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीचा शिक्का खोडणं, काढणं, बदलणं, खोटा मारणं गुन्हा आहे. बंदुकीला एवढं संरक्षण! म्हणून आमच्या बाकावर नियम होता, शिक्क्याच्या अंगाला कानस लावायची नाही. दुरुस्तीचं नवं साल मारायचं ते जुन्याच्या शेजारी, जुन्यावर नाही.

इशापूरच्या त्या बॉडीचं मी काय केलं ते सांगून संपवतो. डाव्या अंगाचे दोन पोचे पंचानं परत आणले. लाकडाखालचे उथळ खड्डे ओढून काढले, कारण तिथं शिक्का नव्हता आणि जाडी पुरेशी होती. बोल्टच्या कानांजवळ ज्योत नेली नाही. आणि १९१७ च्या सात आणि मुकुटामध्ये तीन खोल खड्डे होते ते तसेच ठेवले. गंज उकळून काळा केला, झाडला, जाऊ दिला. त्या जागेभोवती चिकटपट्टी लावून बाकीचं अंग एमरीनं एकसारखं केलं. मग फॉस्फेटच्या टाकीत, आणि वर काळा इनॅमल, भट्टीत भाजून. शिक्क्यावर इनॅमल पातळ धरला, अक्षरं बुजू नयेत म्हणून.

तपासनीस आला. खड्ड्यांवर बोट ठेवून म्हणाला, "ये क्या छोड दिया?" मी म्हटलं, "साहेब, भरले असते तर साल गेलं असतं." त्यानं भिंगातून बघितलं. काही बोलला नाही. शिक्का मारला.

मग दस्त्याची आतली बाजू उन्हात चार दिवस वाळवली, कच्च्या जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, आणि बसवायच्या आधी लाकूड जिथं पोलादाला टेकतं तिथं ग्रीस भरलं.